पळताना लगेच दम का जातो?

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकडे पळायला सुरुवात करताय ना? मग पहिली पाच मिनिटं अगदी सावकाश जा. जोरात सुटलात तर स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, साठा ८-१० सेकंदांतच संपत येतो. पुढे साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ऑक्सिजन अपुरा असताना झपाट्याने तुटते. धाप लागते, मांड्या भरून येतात. नवशिक्यांचं बहुतेक इथंच बिनसतं.

सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. त्या वेगाला चरबीही चांगली जळते आणि ग्लायकोजेन पुरतं. ते स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच असतं. चरबी किलोंनी असते, पण तिच्यातून ऊर्जा हळू सुटते.

भाकरी आणि शेंगाचटणी आदल्या रात्री पोटभर खा. सकाळी पळण्याआधी नको. शेंगदाण्याचं तेल पोटात रेंगाळतं, मग कुशीत कळ येते. अर्धा तास आधी एक केळं पुरे, त्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. दीड तासाच्या वर पळणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतील.

एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेपाचलाच निघा. आपल्याकडच्या उन्हात त्याच वेगाला ग्लायकोजेन जास्त खर्च होतं. हात थरथरले, थंड घाम आला तर रक्तातली साखर उतरली असू शकते; लगेच थांबा, साखरपाणी घ्या. मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे टाळू नका.