‘रिपोर्ट चांगले आहेत, मग मी का घाबरते?’

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. यजमान आता ४७ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि त्यांनी खाण्याचं फारच मनावर घेतलं. कमी कॅलरी खाल्ल्या की आयुष्य वाढतं, असं त्यांनी पुष्कळ वाचलंय. दिवसाला १३०० कॅलरी, त्यावर एक घास नाही. ओट्यावर वजनकाटा असतो. भाकरी, भाजी, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूटसुद्धा मोजूनच ताटात येतं. उंची पाच फूट आठ इंच. वजन ७४ किलोवरून ५७वर आलंय. सुरुवातीला मलाही कौतुक वाटायचं. आता ते एप्रिलमध्ये स्वेटर घालतात, बारीकसारीक गोष्टींवरून चिडतात, झोप येत नाही म्हणून रात्री मोबाइलवर मिसळीचे, बासुंदीचे व्हिडिओ बघत बसतात. पाडव्याला सासूबाईंनी आग्रहाने वाटीभर श्रीखंड वाढलं. खाल्लं, आणि रात्री उशिरापर्यंत गच्चीवर चालत राहिले. मी बोलले की म्हणतात, “हा आजार नाही, विज्ञान आहे. रिपोर्ट बघ.” रिपोर्ट खरंच चांगले आहेत. पण परवा आमची सोळा वर्षांची मुलगी स्वतःची पोळी काट्यावर ठेवताना दिसली. मी उगाच घाबरतेय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, उगाच नाही. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते मला काळजीचं वाटतं.

तुमचे यजमान विज्ञानाचा दाखला देतात, तो खोटा नाही. अमेरिकेत ‘कॅलरी’ नावाच्याच एका अभ्यासात लठ्ठ नसलेली दोनशेहून जास्त निरोगी माणसं होती; त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांना दोन वर्षं कमी खायला सांगितलं. त्यांचं कोलेस्टेरॉल सुधारलं, रक्तदाबही सुधारला. मात्र उद्दिष्ट २५ टक्के कपातीचं होतं आणि प्रत्यक्षात सरासरी साधारण १२ टक्केच जमली. एवढ्या कपातीतही खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता थोडी घटली. शिवाय त्या लोकांवर आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांची सतत नजर होती. अशा देखरेखीखाली खाण्याचे विकार वाढल्याचं दिसलं नाही, हेही खरं. तुमच्या घरात ती नजर कोणाची आहे? आणि माणसाचं आयुष्य याने वाढतं, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. ते उंदरांत दिसलं; माकडांवरच्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्षसुद्धा एकमेकांशी जुळले नाहीत.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५ सालचा प्रयोग. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे कळावं म्हणून ३६ तरुणांनी सहा महिने अर्धपोटी राहायचं कबूल केलं. शरीराने आणि मनाने धडधाकट अशीच मुलं निवडली होती. बारीक व्हायची हौस त्यांच्यातल्या कोणाला नव्हती. दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळत. वजन एक चतुर्थांशाने उतरलं तोवर ही मुलं पाककृतींची पुस्तकं वाचू लागली होती, एकेक जेवण तासन्‌तास पुरवत होती, ताटल्या चाटत होती. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. चिडचिड, उदासी, माणसांत मिसळणं नको. ऍनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या विकाराच्या, रुग्णात आम्ही जे बघतो, त्यातलं कितीतरी निव्वळ भुकेने एका निरोगी मनात उगवलं.

यजमानांनी ७४तले १७ किलो गमावलेत, म्हणजे जवळजवळ तेवढंच. स्वेटर, चिडचिड, रात्रीचे बासुंदीचे व्हिडिओ हे त्या मुलांचंच चित्र आहे. हेतू आयुष्य वाढवण्याचा होता म्हणून भूक मेंदूला सूट देत नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १९ म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’, म्हणून कोणाला शंका आली नसावी. त्यात पुरुष, आणि पन्नाशीकडे झुकलेला. खाण्याचा विकार म्हटलं की डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर कॉलेजातली मुलगी येते. हे मला फार खटकतं, कारण पुरुष आमच्याकडे पोचतात तेच उशिरा.

आरोग्यासाठी कमी खाणारा आणि विकारात अडकलेला, दोघांची ताटं सारखीच दिसू शकतात. मी विचारते ते नियम मोडला त्या दिवसाबद्दल. आपली एकादशी घ्या. कडक उपवास करणारी आजीसुद्धा द्वादशीला पारणं फेडते आणि नातवाबरोबर पोटभर जेवते. सोडायची वेळ उपवासातच ठरलेली असते. यजमानांचं पारणं कधी? ७० किलोवर थांबायचं होतं का, ६५वर? वाटीभर श्रीखंडाची भरपाई रात्री गच्चीवर करावी लागते, तेव्हा सूत्रं भीतीच्या हातात गेलेली असतात. त्यांनी वडिलांना ५२व्या वर्षी जाताना पाहिलं आणि स्वतः ४७चे आहेत. ही भीती खरी आहे. तिची टिंगल घरात कोणीही करू नये.

त्यांच्याशी ताटावरून वाद घालू नका, आणि बळेबळे एकदम भरपूर खाऊ तर मुळीच घालू नका. झोपेबद्दल, थंडीबद्दल, चिडचिडीबद्दल बोला. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे ना, मग कोलेस्टेरॉलच्या पलीकडचे आकडे मागा : ईसीजी, नाडीचा वेग, पोटॅशियम, हाडांची घनता, टेस्टोस्टेरॉन. हृदयासाठीच हे चाललंय, तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जायला ते नाही म्हणणार नाहीत. त्या डॉक्टरांना वजनाचा सगळा प्रवास सांगा आणि तिथूनच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. चक्कर आली, छातीत धडधडलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

मुलीच्या बाबतीत मात्र थांबायचंच नाही. सोळाव्या वर्षी हाडं अजून भरत असतात. या वयात कॅलरी कापण्याचा तो अभ्यास कोणी केलेला नाही आणि करूही नये. वजनकाटा आजच ओट्यावरून हलवा. यजमान अडले तर लेकीचं नाव घेऊन सांगा. बहुतेक बाप तिथे ऐकतात. तिची पाळी नियमित येते का, डबा परत येतो का, जेवणाच्या वेळी नेमका अभ्यास निघतो का, एवढं या आठवड्यात बघा. यातलं काही बिनसलेलं दिसलं तर तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. यजमानांचा ईसीजी झाला की मला पुन्हा लिहा.