आवाज फाटतो तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काय घडते?

वाचकांचे प्रश्न : कार ऑडिओ

प्रश्न : माझ्या गाडीत १२ इंची सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) आहे. त्याची क्षमता ३०० वॅट आरएमएस (सतत पेलता येणारी सरासरी शक्ती) असून त्याला ४ ओहम रोधाच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) आहेत व त्या समांतर जोडल्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमवर १५० वॅट आणि २ ओहमवर २६० वॅट देतो. गेन (आलेली लहर किती पट वाढवायची ते ठरवणारी कळ) व बेस बूस्ट (खालचे स्वर उचलणारी कळ) दोन्ही पूर्ण ठेवतो, कारण त्याशिवाय धमक येत नाही. आठ महिन्यांत कॉइल दोनदा जळाली. दुकानदार म्हणतात की १५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर या वूफरला लहान पडतो, म्हणून तो जळतो; मोठा घ्या. कमी शक्तीने जास्त क्षमतेचा वूफर जळतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि गेन व बेस बूस्ट आहेत तिथेच ठेवून आपण मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवलात, तर तिसरी कॉइल पहिल्या दोन कॉइलपेक्षाही लवकर जाईल. शक्ती कमी पडल्यामुळे वूफर जळत नाही. तसे असते, तर हळू आवाजात गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाची कॉइल जळाली असती. कॉइल जळते ती उष्णतेने, म्हणजेच तिच्यात किती सरासरी शक्ती किती वेळ जिरते यावर सगळे अवलंबून असते.

अ‍ॅम्प्लिफायर गाडीच्या १२ ते १४ व्होल्टपासून आत अधिक व्होल्टेजचा एक धन आणि एक ऋण पुरवठा तयार करतो. आलेली लहर तो कितीही पट वाढवू पाहत असला, तरी तिचा माथा या पुरवठ्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. गेन वाढवत नेला की लहरीचे गोल माथे त्या मर्यादेला टेकून सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. साइन लहर माथ्यावर क्षणभरच टेकते, तर पूर्ण कापली गेलेली चौकोनी लहर सगळा वेळ माथ्यावरच असते. म्हणून तेवढ्याच उंचीची चौकोनी लहर साइन लहरीच्या दुप्पट शक्ती देते.

आता आपले आकडे पाहू. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, म्हणून आपल्या गाडीत १५० हा आकडा लागूच पडत नाही. लागू पडतो तो २६०. क्लिपिंग पराकोटीला गेले तर तो दुप्पट होऊन ५२० वॅटकडे सरकतो. प्रत्यक्षात पुरवठा थोडा खचत असल्यामुळे इतका गाठला जाणार नाही, पण ३०० वॅटची कॉइल तापवायला तेवढी वाढ पुरेशी आहे. त्यात बेस बूस्टची भर पडते. १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात १६ पट शक्तीची मागणी. गाण्याला जिथे २० वॅट पुरले असते तिथे आपला अ‍ॅम्प्लिफायर ३२० वॅट द्यायला निघतो आणि अडतो. शिवाय नीट ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यात ठोका क्षणाचा असतो आणि सरासरी शक्ती शिखराच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये कॉइलला निवायला सवड मिळते. माथे कापून ठोके आणि मधला भाग एकाच पातळीवर आले की ती सवड उरत नाही.

आपण बहुधा अनुभवले असेल की लांबच्या प्रवासात तासाभराने बेस मंदावल्यासारखा वाटतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांवरून २०० अंशांवर गेलेल्या कॉइलचा रोध जवळपास ७० टक्क्यांनी वाढलेला असतो आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडून पूर्वीइतकी शक्ती घेत नाही. ऐकणारा मात्र आवाज कमी झाला असे समजून आणखी वाढवतो. जळक्या वार्निशचा वास आला, तर त्याच क्षणी आवाज पूर्ण खाली आणावा.

फाटलेला आवाज आपल्याला कळला कसा नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल, आणि मला तोच या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. ४० हर्ट्झची लहर दोन्ही बाजूंनी सारखी कापली गेली की तिच्यात १२०, २००, २८० हर्ट्झ असे विषम पटीतले स्वर मिसळतात. फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारा लो-पास फिल्टर ते अडवू शकत नाही, कारण तो शक्ती वाढवणाऱ्या टप्प्याच्या आधी असतो आणि स्वर त्यानंतर निर्माण होतात. त्याच पट्ट्यात दारांतले स्पीकरही वाजत असतात आणि खालच्या स्वरांतली विकृती ओळखण्यात माणसाचा कान मुळातच कच्चा आहे. गायकाचा आवाज फाटला तर लहान मूलही सांगेल. सबवूफरचा फाटलेला आवाज मात्र ‘पंच’ वाढल्यासारखा भासतो. आपण ज्याला धमक म्हणता, तिच्यात हा भाग बराच असणार.

क्लिपिंगमुळे वूफरला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मिळतो आणि कोन (वूफरचा हलणारा पडदा) एकाच जागी अडकून राहतो, असेही आपल्याला सांगितले जाईल. दोन्ही बाजूंनी सारखी कापलेल्या लहरीत डीसी नसतो आणि कोन हलतच राहतो. अ‍ॅम्प्लिफायर बिघडून डीसी बाहेर पडणे ही वेगळी गोष्ट आहे.

आपला अ‍ॅम्प्लिफायर या वूफरला पुरेसा आहे. कॉइल बदलून घ्या, बेस बूस्ट शून्यावर आणा आणि गेन पुढे दिल्याप्रमाणे मोजून लावा. शक्ती निम्मी झाली तरी फरक फक्त ३ डेसिबलचा असतो आणि तो जेमतेम जाणवतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तो ३०० वॅटच्या आत मोजून लावला, तर माथे कापले न जाता वाजायला मोकळी जागा मिळते. दुकानदारांच्या सल्ल्यातला खरा भाग तो एवढाच.

प्रश्न : माझ्या डेकवर (गाडीतल्या म्युझिक प्लेअरवर) ‘५० वॅट × ४’ असे छापले आहे. मग वेगळा अ‍ॅम्प्लिफायर कशाला?
— एक वाचक, लातूर

उत्तर : डेकमध्ये सहसा व्होल्टेज वाढवणारा टप्पा नसतो, त्याला गाडीचे १४.४ व्होल्टच मिळतात. १४.४ चा वर्ग करून ४ ओहमने भागला की ५१.८ वॅट येतात, आणि ते केवळ संपूर्ण चौकोनी, म्हणजे पूर्ण फाटलेल्या लहरीसाठी. स्वच्छ साइन लहरीसाठी हा आकडा निम्म्यावर येतो आणि आतली घट वजा करता एका चॅनेलला २० वॅटच्या आसपास उरतात. सीईए-२००६ (आताचे नाव सीटीए-२००६) या मानकानुसार दिलेला आकडा शोधावा, तो १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृती या अटींवर मोजलेला असतो.

प्रश्न : ऑसिलोस्कोप (लहरीचा आकार दाखवणारे उपकरण) नसताना गेन घरी कसा लावावा? अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमवर ५०० वॅट आरएमएसचा आहे, वूफरही तेवढाच. डेकचा आवाज ४० पर्यंत जातो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करतो. गेन म्हणजे आवाजाचे बटण नाही. डेककडून येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवून घेण्यासाठी तो असतो.

अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर यांच्यापैकी ज्याची क्षमता कमी तो आकडा धरावा, त्याला ओहमने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. आपल्या बाबतीत ५०० गुणिले २ म्हणजे १०००, आणि त्याचे वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. वूफरच्या तारा सोडवून ठेवाव्यात. इक्वलायझर सपाट, लाउडनेस व बेस बूस्ट बंद आणि गेन सर्वांत खाली आणावा. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या वर न्यावा. पूर्ण पातळीवर, म्हणजे शून्य डेसिबलवर नोंदवलेला ५० हर्ट्झचा स्वर डेकवर लावावा; साधे मल्टिमीटर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठीच बनलेले असल्याने याच वारंवारतेला ते भरवशाचे आकडे देतात. आवाज ३० वर ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावावा आणि मीटर ३१.६ दाखवेपर्यंत गेन सावकाश वाढवून तिथे खूण करावी. गाडी बंद करूनच वूफर पुन्हा जोडावा आणि यापुढे आवाज ३० च्या वर नेऊ नये.

या रीतीला मर्यादा आहेत. मीटर लहरीचा आकार दाखवत नाही, आणि डेक स्वतःच माथे कापत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन खाली आणून ते परत मिळत नाहीत. म्हणून डेक पूर्ण आवाजावर कधीच ठेवू नये. दुसरे म्हणजे छापील आकडा खरा असेलच असे नाही. अ‍ॅम्प्लिफायरवरचे फ्यूज पाहावेत: एकूण ४० अँपिअर असतील, तर १३.८ व्होल्टने गुणून, क्लास डी या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रकाराची साधारण ८० टक्के कार्यक्षमता धरून, ४४० वॅटच निघतात. तसे असेल तर ३१.६ ऐवजी ४४० वर बेतलेले २९.७ व्होल्ट धरावेत.

प्रश्न : बेसचा ठोका पडला की हेडलाइट मंदावतात आणि आवाज फाटतो. कपॅसिटर (वीज साठवून झटकन देणारा घटक) बसवला तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ५०० वॅट देताना अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ४५ अँपिअर प्रवाह ओढतो. बहुतेक कार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतला पुरवठा गाडीच्या व्होल्टेजबरोबरच खाली जातो. १४.४ चे ११.५ व्होल्ट झाले, तर मिळणारी स्वच्छ शक्ती ३६ टक्क्यांनी घटते आणि काल नीट वाजणारा गेन आज माथे कापू लागतो. कपॅसिटर इथे फारसा उपयोगी पडत नाही. १ फॅरडचा कपॅसिटर व्होल्टेज एका व्होल्टने उतरेपर्यंत ५० अँपिअर प्रवाह सेकंदाचा पन्नासावा भागच पुरवतो, आणि ४० हर्ट्झच्या एका आवर्तनालाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

इंजिन चालू ठेवून, बेस वाजत असताना बॅटरीच्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलांवर डीसी व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्प्लिफायरवर १२ असतील, तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा आहे. स्वस्त किटमधली वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिचा रोध अस्सल तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. अर्थिंगच्या जागी पत्र्याचा रंग खरवडून उघड्या धातूवर बोल्ट घट्ट बसवलेला हवा. दोन्ही ठिकाणचे आकडे बरोबरीने खाली येत असतील, तर बॅटरी व ऑल्टरनेटर तपासून घ्यावेत आणि तोपर्यंत गेन खाली ठेवावा.