बिशपच्या निर्णयावर दाद मागणं ही पोपची अवज्ञा नाही, पण तारखा सांभाळा

तुमची वाडी बिशपनी जुन्या पॅरिशपासून (एका चर्चच्या हद्दीतला भाग) तोडून दुसऱ्या पॅरिशला जोडली आणि तुम्ही विरोध केल्यावर फादर म्हणाले की हे पोपच्या अधिकाराला आव्हान आहे, हे वाचून पोटात कालवलं. आठ वर्षांपूर्वी आमचीही वाडी अशीच दुसरीकडे गेली तेव्हा अगदी हेच वाक्य मी चर्चच्या पायरीवर ऐकलंय, आजीच्या महिन्याच्या मिस्सानंतर (चर्चमधली मुख्य प्रार्थनाविधी). तिची कबर जुन्या पॅरिशच्या सिमेंटरीत (दफनभूमीत), आणि आजोबांना उद्या तिच्या शेजारी जागा मिळेल का हे कोणी धड सांगेना.

आधीच सांगतो, मी कॅनन लॉ (कॅथलिक चर्चचा कायदा) शिकलेलो नाही, जे कळलं ते ठेच लागून कळलं, आणि ते लॅटिन रीतीच्या (रोमन परंपरेच्या) कॅथलिक चर्चपुरतंच.

आम्ही काय केलं, घरोघरी फिरून सह्या घेतल्या आणि अर्ज थेट रोमला, पोपच्या नावाने पाठवला. सर्वोच्च अधिकार त्यांचा, मग मधल्यांना कशाला विचारायचं, असं वाटलं. तीच घोडचूक. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे (कलम १७३४ ते १७३७) निर्णय कळल्यापासून १० दिवसांत आधी बिशपनाच लेखी विनंती करायची की निर्णय मागे घ्या किंवा बदला, त्यांना ३० दिवस, आणि नकार आला किंवा ते गप्प राहिले तर पुढच्या १५ दिवसांत रोमकडे. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या ऑफिसात (नाव लिहीत नाही) मी निर्णयाची प्रत मागायला गेलो तर सोमवारी या, पुढच्या सोमवारी या, फादर मीटिंगमध्ये आहेत. आमच्या पत्राच्या झेरॉक्सवर पोच म्हणून साधा शिक्का मारायला तिथला माणूस तयार नव्हता, शिक्का समोर टेबलावर होता हो! सात महिन्यांनी रोमहून दोन ओळी आल्या, मुदत टळली आहे. अजून ते पत्र कपाटात आहे.

म्हणून प्रत लेखी मागा, मिळाली त्या दिवसाची तारीख त्यावरच घाला, आणि तुमचं पत्र रजिस्टर्ड एडीने पाठवा, हातात देऊन येऊ नका.

आता आज्ञापालनाचं. माझं मत आहे, पटलं तर घ्या. कलम २१२ आधी आज्ञा पाळायलाच सांगतं, पण त्याच कलमात लिहिलंय की आपल्या गरजा धर्मगुरूंपुढे मांडायला आपण मोकळे आहोत आणि चर्चच्या हिताबद्दल मत सांगणं हा आपला हक्क, कधीकधी कर्तव्यसुद्धा, फक्त आदर ठेवून. १८७० ला पोपची अचूकता (त्यांची शिकवण चुकू शकत नाही हे) जाहीर झाली ती श्रद्धा आणि नीतीच्या शिकवणीबद्दल, तीही ते संपूर्ण चर्चसाठी अंतिम म्हणून जाहीर करतात तेव्हा, जसं १९५० ला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल केलं. पॅरिशची हद्द त्यात कुठून आली? रोमकडे दाद मागणारा तर पोपचा अधिकार मानतो म्हणूनच जातो ना. प्रत्येक नोटीस पोपच्या नावावर खपवणाऱ्यांचा मला अजून राग येतो, कारण त्याने साधी माणसं घाबरून गप्प बसतात.

दाद मागत असताना मिस्सा मात्र चुकवू नका, चर्चच्या दाराला कुलूप वगैरे तर अजिबात नको. आम्ही नव्या पॅरिशला जात राहिलो, आजोबाही.

आणि एक, बाप्तिस्म्याची नोंद जुन्याच चर्चच्या रजिस्टरात राहते, घरात लग्न असेल तर दाखला तिथूनच काढा.

तुम्हाला निर्णय नक्की कधी कळला ते लिहा, १० दिवस झाले नसतील तर अर्ज कसा लिहायचा ते आज रात्रीच सांगतो.