गोव्यात डोंगरउतारावर अर्धं जमिनीत, मातीच्या भिंतींचं घर टिकेल का?

टिकेल, पण जी भिंत डोंगराला टेकणार ती मातीची नकोच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि उतारावरून आत झिरपणारं पाणी मातीच्या भिंतीला कधीच सोडत नाही. त्या बाजूला चिऱ्याची (जांभ्या दगडाची) नाहीतर आरसीसीची रिटेनिंग वॉल, म्हणजे डोंगराची माती अडवणारी भिंत, तिच्या पाठीला वॉटरप्रूफिंग, मग खडीचा थर आणि तळाला भोकं पाडलेला पाइप उताराकडे काढलेला, यात कंजूषी करू नका.

बाकीच्या उघड्या भिंती खुशाल मातीच्या करा, फक्त जोतं चिऱ्याचं आणि दोन-अडीच फूट उंच पाहिजे, छप्पर तीन फूट तरी बाहेर. पेडण्यातलं आमचं जुनं घर मातीचंच, आजी मे संपायच्या आत पश्चिमेच्या भिंतीला माडाचे झाप बांधून घ्यायची, एका वर्षी ते राहून गेलं तर खालचा हातभर भाग बोट लावलं की चिखल होऊन सुटायचा.

सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको हं, ओल आत कोंडते, चुन्याचं किंवा शेणमातीचं लिंपण करा. काम नोव्हेंबरात काढा, मेच्या आत छप्पर चढलंच पाहिजे.