बर्फ कमी असताना डोंगरी स्नोमोबाइल तापते, पट्टाही झिजतो; काय करू?

बहुतेक डोंगरी स्नोमोबाइलना (खोल बर्फात चालणाऱ्या गाड्यांना) मोटारीसारखा रेडिएटर नसतो. गाडीखालचा फिरणारा रबरी पट्टा जो बर्फ उडवतो, तो वरच्या कूलरवर, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वाहणाऱ्या धातूच्या भागावर, बसतो आणि त्यानेच कूलंट थंड होतं. पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांना वंगणही त्याच बर्फाचं. म्हणून कडक, गोठलेल्या वाटेवर दोन्हीकडून मार बसतो.

आधी आइस स्क्रॅचर, म्हणजे वाटेवर घासत जाणाऱ्या धातूच्या काड्या, बसवा. त्यांची टोकं वाट खरवडून बर्फाचा चुरा वर उडवतात. साधे असतील तर गाडी मागे घेताना उचलून अडकवा, नाहीतर मोडतात. अधूनमधून कडेच्या मऊ बर्फात गाडी घाला, पण खाली दगड नाहीत ना, हे बघूनच. अडीच-तीन इंची दातांचा पट्टा तर कडक वाटेवर वेगात अजिबात पळवू नका. दात तापून तुटतात. तापमानाचा दिवा लागला की थांबा, इंजिन बंद करा आणि मगच कूलरवर हाताने बर्फ थापा.