साक्रीकडे वाईनसाठी शिराझ हे लाल द्राक्ष लावलंय. चांगल्या प्रतीसाठी पाणी कधी तोडायचं आणि छाटणी कशी घ्यायची?

मणी धरल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरेपर्यंत, पाणी कमी करा, पण बंद करू नका. आणि गोडी छाटणीनंतर (फळासाठी घेतात ती) फुटी मोजक्याच राखा. लाल वाईनचा रंग सालीत असतो, टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) साल आणि बियांत. मणी बारीक राहिला की रसाच्या मानाने साल जास्त येते. थॉमसनचा, म्हणजे खायच्या द्राक्षाचा, मणी फुगवायला आपण जे जे करतो, त्याच्या बरोबर उलटं. ताण बसला का, हे शेंडा सांगतो: वाढ मंदावते, बाळ्या (वेलीचे ताणे) मलूल होतात. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली तर ताण जास्त झाला. मग साखरही भरत नाही.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठी घेतात ती) मात्र पाण्याची कंजुषी नको. पुढच्या हंगामाचे घड तेव्हाच काडीत घडतात, आणि खानदेशात त्या वेळी पारा ४० च्या पुढे असतो.

घडाजवळची पानं काढायची आणि ओळी दक्षिणोत्तर असतील, तर फक्त पूर्वेकडची काढा. पश्चिमेकडची राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतो आणि आम्लता झपाट्याने उतरते. आपल्याकडे साखर सहज येते, आम्लता टिकवणं हीच खरी कसरत.

हे सगळं हलक्या, निचऱ्याच्या जमिनीचं. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, ताण उशिरा बसतो; तिथे ठिबक आधीपासूनच कमी करावं लागतं. सॉव्हिन्यॉन ब्लाँसारख्या पांढऱ्या वाणाला इतका ताण देऊ नका, वास मरतो.