‘स्वेच्छेने’ या शब्दावर सही नको

समुद्रपूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात अकरा वर्षं आठ महिने कायम कामगार. पगार 18,000, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता 13,000. मालक उत्पादन व्हिएतनामला हलवतोय. ‘स्वेच्छेने राजीनामा द्या, हिशेबाचे एक लाख घ्या’ असं सांगितलंय. नवरा घरात बोलत नाही, वावरात धुऱ्यावर बसून राहतो. सासरे म्हणतात, पैसे घे अन् बोअर मार.

ताई, आधी ती सही थांबवा. राजीनामा दिला की कारखाना बंद झाल्याची भरपाई मागायचा हक्कच जातो. ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यासाठीच घातलेला असतो.

आता त्या लाखाचा हिशेब बघा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी रक्कम: 13,000 भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15, वर्षाचे 7,500. सहा महिन्यांवर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून 12 वर्षांचे 90,000. हे पैसे राजीनामा दिला तरी मिळायचेच आहेत! बंदची भरपाई वेगळी असते: दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे पूर्ण 18,000 धरले तर सुमारे 9,000, बारा वर्षांचे 1,08,000. शिवाय नोटिशीचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे. लाख घेऊन गप्प बसलात तर निम्म्याच्या आसपास रक्कम सोडून द्याल.

दबाव आला तर ‘लेखी कळवतो’ एवढंच म्हणावं. कोऱ्या कागदावर सही नको. सही आधीच झाली असेल तर ‘दबावाखाली घेतली’ असं पत्र लगेच स्पीड पोस्टाने कंपनीला पाठवा, प्रत कामगार कार्यालयाला द्या आणि पावती जपून ठेवा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरी कार्ड यांच्या झेरॉक्स आजच काढा. गेट बंद झाल्यावर हे कागद मिळवताना फार हाल होतात. कामगार कार्यालयातली तक्रार एकट्याने नको, सगळ्या कामगारांच्या सह्यांनी द्या.

पीएफमधून बोअर मारू नका. पाणी लागेलच असं नाही, आणि पुढचा पगार कधी सुरू होईल ते ठाऊक नाही. पेन्शनची दहा वर्षं भरलेली असली तर तो हक्क 58 व्या वर्षासाठी राहतो. पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात असेल तर कारखाना बंद झाल्यावर मिळणाऱ्या बेकारी भत्त्याची चौकशी त्यांच्या शाखेत करा. तिथेही राजीनामा आडवा येतो.

नवऱ्याला ‘बोला ना’ म्हणू नका. संध्याकाळी वही-पेन घेऊन धुऱ्यावर जा, शेजारी बसा आणि वरचा हिशेब त्यांच्याच हाताने लिहून घ्या.